आभासाठी बोरकूट

अहो,

मी सकाळच्या एसटीनं फुलसावंगीला, बोरकूट करणाऱ्या लालीबाईंकडे चालली. संध्याकाळपर्यंत येते. वरण तेवढं गरम करून घ्या.

काल आभाचा फोन होता. तिकडे फिनलंडात खिडकीबाहेर नुसता बर्फ, अन् पोरीला स्वप्नात गुळातलं बोरकूट दिसून राहिलं. जागी झाली तरी जीभ आंबटगोड होती म्हणे. तिथलं चॉकलेट तोंडात धरवत नाही. बाईला असं कधी होतं, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तिच्या लग्नापासून तुम्ही तिचं नाव काढत नाही, म्हणून रात्री बोलली नाही. पण तिच्या त्या स्वप्नात तुम्ही दौऱ्यावरून आले होते, अन् रुमालाची गाठ सोडून तिच्या हातावर बोरकूट ठेवत होते.

पार्सलसाठी तुमचा एक धुतलेला रुमाल काढून ठेवा.