मना आणि मला

मंगळवार, संध्याकाळ

रेवाच्या कॉमिकचा अंक पुन्हा लांबला. चौथ्यांदा. लेखक बदललाय म्हणे, आणि तिची भाषा आता 'सर्वांना समजेल अशी' करणार. रेवा म्हणजे आमच्या खाडीवरची कोळीण, यान चालवणारी, शनीपाशी अडकलेली. मागच्या अंकाच्या शेवटी म्हणालेली, "मना घरा जायाचं हाय." आज नमुन्याचं पान आलं, त्यात तेच वाक्य: "मला घरी जायचं आहे." आमच्या घरातलं मना गेलं, मला आलं.

पहिल्यांदा उशीर झालेला तेव्हा फॅन ग्रुपवर केवढ्या शिव्या! माजिवड्याचा सुहास तर प्रकाशकाच्या दारात बसायला निघालेला. आज त्याने नुसता अंगठा टाकला. बाकीच्यांनी तेवढंही नाही. आणि मी? दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कुणासाठी भांडायचं?

माझ्या आयला प्रत्येक अंक मीच वाचून दाखवतो. आज भाकरी थापता थापता तिने विचारलं, "आली का रं ती पोर घरा?"

"नाही गं आय. मला नाही वाटत आता येईल."

तिचा हात थांबला.

"मला?" एवढंच म्हणाली.