कुत्र्याची शिकवणी

छोटे, तुला मनभर आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. सकाळ-संध्याकाळ मैदानावर असते, कारण चिरंजीवांनी मला सोबत म्हणून कुत्रा आणलाय. पोरगा आणि सून दिवसभर बाहेर, मग कुत्र्याला तिथे शिकवणीला मीच नेते. आता तो नळीतून सरपटतो, अडथळ्यांवरून उड्या मारतो आणि फेकलेला चेंडू माझ्याच पायाशी आणून टाकतो.

घोटाळा इथेच झाला. शिकले कॉन्व्हेंटात, पण रागवायला मला मराठीच लागते. "बस म्हटलं ना, शहाण्या!" असं ओरडलं तरच तो बसतो. नातवाच्या इंग्रजीला भीकसुद्धा घालत नाही.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला जाते म्हटलं, तर पोरगा म्हणाला, "आई, तू गेलीस तर हा कोणाचं ऐकणार? पुढच्या वर्षी बघू." तुला, त्याच्या सख्ख्या मावशीला, दवाखान्यात कोण नेणार, हे विचारायला त्याला जीभ नव्हती. मी फाडफाड बोलले. पण तिकीट काढणारा तोच, आणि त्याने ते काढलेलं नाही.

शेजारीण येईल ना गं बरोबर? पायऱ्या उतरताना तिचा हात धर, उगाच तोरा नको. तारीख मात्र पुढे ढकलू नकोस. माझी वाट बघत डोळा घालवून बसशील.

तुझी,
ताई