हजेरीतलं ‘हाय’

बाबा, मी काल तुमच्या बँडमध्ये जाऊन आले.

तुम्ही इथे जपानमध्ये पीएचडी करता करता युनिव्हर्सिटीच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवायचात आणि शनिवारी मला सायकलवर मागे बसवून न्यायचात. भूकंपानंतर हॉलचं छत दुरुस्त होईपर्यंत प्रॅक्टिस पार्किंगमध्येच असायची. मी ट्रम्पेटच्या रिकाम्या पेटीवर बसायचे. आधी बँड शिकवणारे सेन्सेई हजेरी घ्यायचे आणि एकेक जण म्हणायचा, ‘हाय’. जपानीत म्हणजे हो. तुमचं मात्र गावाकडचं, अख्खं ‘हाय’ असायचं, दारात कुणी विचारावं, आहे का रे घरात, आणि आतून उत्तर यावं तसं. येताना म्हणायचात, ही सगळी आपल्याच गावची माणसं, तुझ्या आईला उगाच इथे परकं वाटतं. गणपतीतला ढोल अंगात असल्यामुळे तुमचा डावा तळवा आपोआप ड्रमच्या दुसऱ्या बाजूला पडायचा. सेन्सेई सगळ्यांना थांबवून नुसते तुमच्याकडे बघायचे, की तुम्ही तो हात खिशात घालायचात.

एकदा त्यांनी गंमत म्हणून शेवटी माझंही नाव घेतलं. माझे ओठ हलले, आवाज आला नाही. सगळे हसले, प्रेमानेच. सायकलवर तुम्ही म्हणालात, “मनातल्या मनात हाय म्हटलेलं कुणाला कळणार, पोरी?” त्याचा मला अजून राग येतो. कारण तुम्ही गेलात आणि शाळेत रोज सकाळी तेच व्हायला लागलं. नाव घेतलं की घसा बंद. टीचर पुन्हा नाव घेतात, अख्खा वर्ग मागे वळून बघतो. हायस्कूलच्या पहिल्याच वर्षी मी जायचं सोडून दिलं. आता जेवणाचे डबे बनवायच्या कारखान्यात भात भरते. तोंडाला मास्क असतो, बोलावं लागत नाही, म्हणून तर ते काम घेतलं. आई विचारते, आज कुणाशी बोललीस का. मी हो म्हणते.

या वेळच्या कार्यक्रमाला बँडला बाहेरचीही माणसं हवी होती. आई मला न विचारता माझं नाव देऊन आली. मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. तिला फरक कळला नसावा.

सेन्सेई आता म्हातारे झालेत. हजेरी घेता घेता थांबले, चष्मा वर केला आणि तुमचं-माझं आडनाव घेतलं, पुढे आदराचं ‘सान’. तुम्हाला हाक मारायचे अगदी तसंच. मला तुमचाच ड्रम दिला होता, मी त्याच्या मागे उभी होते, समोर दार दिसत होतं, पळावंसं वाटत होतं.

“हाय,” मी म्हणाले.

मोठ्याने. त्यांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. घरी सांगितलं तर आई रडली, म्हणाली आता शाळेचंही बघू. तिला मी पुढचं सांगितलं नाही. इथे फोनमध्ये लिहितेय, कुणाला पाठवणार नाहीये. ते ‘हाय’ जपानी नव्हतं, बाबा. आडनाव ऐकलं आणि वाटलं, दारात कुणीतरी तुम्हाला विचारतंय. म्हणून सांगितलं, हाय.

माझं ‘हाय’ अजून यायचंय.