तिकडं

तीर्थरूप हनुमंतमामांस,

भाची रेणुकाचा सविनय जय भीम. तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. आम्ही सगळे खुशाल आहोत, वस्ती तेवढी दिसेनाशी झाली आहे.

गेल्या वर्षी लोणावळ्यात मोर्चा निघाला, वस्तीच्या जातिवाचक नावाची पाटी उतरली आणि ‘पंचशीलनगर’ अशी कमान उभी राहिली, तिथवर तुम्ही होतातच. आता जुनं नाव गावात कुणी घेत नाही (केस होते म्हणे), आणि नव्याला जीभ वळत नाही. मग सगळे हनुवटी उडवून म्हणतात, ‘तिकडं’. आपला रस्ता पुढं स्मशानात संपतो, आणि स्मशानालाही गाव पहिल्यापासून ‘तिकडं’च म्हणतं. त्यामुळं आमचा सिलिंडर स्मशानात उतरतो. माझ्या ड्रेसचं पार्सल चितेच्या कट्ट्यावर सापडलं (ड्रेस बसला, पण घालवत नाही).

परवा वडिवळ्याचे पाहुणे मला बघायला आले. मुलगा, प्रदीप, मला फोटोतच आवडलाय, हे फक्त तुम्हाला सांगते. फाट्यावर त्यांनी गावातल्या बजरंगभाऊंना पत्ता विचारला. माणूस चांगला, घरचे तांदूळ पाठवतो. म्हणाले, “तिकडं. सरळ जावा, चुकायचं न्हाई. समद्यांचा रस्ता तिकडंच जातो.”

पाहुणे स्मशानाच्या शेडमध्ये जाऊन बसले. मुलाच्या आत्याला बाकडी फार आवडली. भर दुपार, पान हलत नव्हतं, पत्र्यावर कावळे होते पण ओरडत नव्हते. मग एक म्हातारी आली. म्हणाली, “पंचशीलनगर व्हय? ते मागं ऱ्हायलं. कमानीतनं आत जावा.” सबंध नाव, स्वच्छ, हनुवटी न हलवता. आत्याबाई आमच्याकडं येऊन तिचंच कौतुक करत बसल्या. हिरवं लुगडं, उजव्या डोळ्यात फूल पडलेलं. मामा, तशी बाई जिवंतांत कुणी नाही. गावात आमचं नाव घेणारं एकच माणूस, आणि तेही तिकडचं! आईच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. बघायला आलेल्या मुलीनं फार बोलायचं नसतं, ते त्या दिवशी बरं पडलं.

तुमची,
रेणुका

ता. क. पसंती आलीय. रविवारी बोलणी करायला येतायत. तुमचा आवाज मोठा आहे, तेवढं फाट्यावर उभं राहून नाव सांगा. पुन्हा स्मशानातून वाट विचारून आले तर लग्न मोडेल.

ता. क. २. आईला हे पुढचं सांगू नका. मोर्च्यात तिचा घसा बसला होता, इतक्यांदा तिनं ते नाव घेतलं. काल पाहुण्यांनी फोनवर विचारलं, रविवारी कुठं यायचं? आई हनुवटी उडवून म्हणाली, “तिकडं.” मामा, मला भीती वाटतेय. शनिवारीच या.