सेठच्या फोटोतलं माझं धान

मंगळवार, दिवेलागण. दवनीवाडा.

सेठ आज पेढे देऊन सांगून गेला, धानाचा सरकारी बोनस त्याच्या खात्यात आला. त्याच्या? जमीन त्याची, कबूल. पण ठेका देऊन, म्हणजे सालाचं भाडं भरून, शेती केली आम्ही. रोवणी मी केली, निंदण मी केलं. सेठ गोंदियाहून बांधीत, धानाच्या वावरात, एकदाच आला, मोबाइलवर पीकपाहणीचा, सरकारला पाठवायचा फोटो काढायला.

"बाई, जरा साइड में हो जाओ, फोटो में आ रही हो."

आणि मी झाली बाजूला! हसत झाली. वाटलं, आमच्याच बोनससाठी काढून राहिला.

आज विचारलं, "सेठजी, धान तर आमचं होतं ना?"

"सातबारा मेरे नाम पे है, बाई."

नवरा हळूच म्हणतो, "काऊन तोंडी लागून राहिली? पुढच्या साली जमीन नाही देणार तो."

सेठ बाजूला हो म्हणाला आणि मी झाली. कशी झाली मी?

जाताना सेठनं तो फोटो कौतुकानं दाखवला. लोंब्या आलेलं माझं धान, आणि कोपऱ्यात, धुऱ्याच्या बांधावर, माझा जेवणाचा डबा. तो हटवायचं कोणाला सुचलंच नाही.

सरकारनं हा फोटो पाहिला असेल ना? मग डबा कोणाचा, एवढं तरी विचारायचं.