पिळा नोखेमला

मंगळवार, १३ जानेवारी १९३१
गाडी चिंध्यांनी भरली त्याची! पँट शिवायच्या कारखान्याखालून नगरसेवक नोखेम त्रागरची मिरवणूक चालली होती. वरच्या बायकांनी खिडक्या उघडून कातरणाची पोतीच्या पोती ओतली. "श्माटे! श्माटे!" नोखेमच्या हॅटवर एक लाल चिंधी बसली. शेजारचे हसू दाबत होते, ती काढत कोणीच नव्हतं.

श्माटे म्हणजे चिंधी, पोतेरं. यिद्दिश शब्द, आमच्या आयांचा, चुलीपाशी वापरायचा. पण झाल्मेननं — माझ्या थोरल्या भावानं — तो नोखेमला चिकटवला, आणि आमच्या तळघरातल्या नाटकघरात मी तो रोज गाते:

नोखेम आमचा श्माटे भारी,
पुसतो फरशी सरकारी.
चोरांनी सांडली दारू सारी —
पिळा नोखेमला, टांगा दारी.

देशात दारूबंदी; ही दारू कोणत्या गुंडांची आणि नोखेम ती कोणासाठी पुसतो, हे बाराव्या रस्त्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. निवडणूक पुढच्या महिन्यात. "हिंदे, आता तो काही आपल्याला सोडत नाही," झाल्मेन म्हणाला. खूश होता.

गुरुवार, १५ जानेवारी
तळघराच्या दाराला मेलेलं मांजर. गळ्यात चिंधी. दार सांभाळणारी गितल कारखान्यात इस्त्री करते, कशाला भीत नाही. तिनंच ते उचललं.

रविवार, १८ जानेवारी
दुपारच्या खेळाला आले. नोखेमचा माणूस बेरेल पुढे, मागे चार-पाच आडदांड. बेरेल आमच्याच गल्लीतला. पहिली कुऱ्हाड पियानोवर. मग खुर्च्या, आरसे, तिकीट घेऊन आलेली माणसं. एका म्हाताऱ्याचं डोकं पायरीवर आपटलं. माझे केस कोणीतरी मुठीत धरले होते, त्यामुळे मान वळवता येईना. सगळं बघावंच लागलं.

झाल्मेनला दोघांनी धरलं. "श्माटे आवडतो ना तुला?" बेरेल शांतपणे म्हणाला. "मग खा." फरशी पुसायचं ओलं फडकं त्यानं झाल्मेनच्या तोंडात कोंबलं. बोटानं आत ढकललं. आणि मग पितळी मूठ चढवून जबड्यावर मारलं. दोनदा. त्या आवाजाला मला शब्द सापडत नाही, आणि आमचं तर पोटच शब्दांवर.

समोरच्या फुटपाथवर पोलीस शेंगा सोलत उभा होता.

मंगळवार, २० जानेवारी
झाल्मेन दवाखान्यात. जबडा तारेनं बांधलाय. नळीनं सूप. बोलता येत नाही, पाटीवर लिहितो. पहिलं लिहिलं — खेळ? म्हटलं, बंद. त्यानं पुसून लिहिलं — चालू कर. "आणि पदं कोण लिहिणार?" तर पाटीवर — तू.

शुक्रवार, २३ जानेवारी
शब्बाथची संध्याकाळ. मेणबत्त्या लावायच्या आधीच चार ओळी झाल्या होत्या. माझ्या.

रविवार, २५ जानेवारी
खुर्च्या नव्हत्या, माणसं उभी राहिली. जिन्यावरसुद्धा. मी नोखेम झाले, तोंडात फडकं धरून भाषण केलं — निवडणुकीची सगळी आश्वासनं, एक अक्षर कळू न देता. हसता हसता लोक रडायला लागले. गितल म्हणाली, "हिंदे, खरं सांगू? भावापेक्षा तुझं जास्त झोंबतं."

तशीच दवाखान्यात गेले. झाल्मेनला सगळं करून दाखवलं. गितल काय म्हणाली तेही सांगितलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. दुखत असेल.

बुधवार, ४ फेब्रुवारी
लिहू का नको?

बेरेल आज कारखान्यात आला, बायकांना दम द्यायला. एकटाच. म्हणाला, मतं नोखेमला पडली नाहीत तर एकेकीचं तोंड शिवून टाकीन. मी तिकिटं द्यायला गेले होते. कोणीतरी मागून दार लावून घेतलं. मग शिलाई यंत्रं एकेक करून थांबली.

चाळीसेक बायका. त्याला इस्त्रीच्या टेबलावर पाडला. कोणी कात्रीचा दांडा हाणत होती, कोणी नुसती चावत होती. गितल म्हणाली, "उजवा हात धरा." मनगट मी धरलं. गितलनं इस्त्री टेकवली आणि वर आपला भार टाकला. तो "मामे, मामे" करून आईला हाका मारत होता. माझी पकड सुटली नाही. वास अजून नाकात आहे.

घरी येऊन हेरिंग मासा आणि काळा पाव खाल्ला. भूक लागली होती, ह्याचीच भीती वाटते.

सोमवार, ९ फेब्रुवारी
दवाखान्याच्या जिन्यात नोखेम त्रागर भेटला. वरून उतरत होता. हॅट काढून म्हणाला, "तुझ्या भावाकडेच गेलो होतो. हुशार माणूस."

मी खोलीत शिरले ती भडकूनच. "त्यानं तुझं तोंड फोडलं आणि तू त्याला खुर्ची देतोस?" झाल्मेननं पाटी घेतली. लिहिलं — श्माटे माझा शब्द होता.

"मग? कोण नाही म्हणतंय?"

पाटी पुसली. पुन्हा लिहिलं — आता सगळे तुझा म्हणतात.

 निघून आले.

बुधवार, १८ फेब्रुवारी
झाल्मेन दवाखान्यातून गेला. घरी आला नाही. कुठे गेला, कोणी सांगत नाही. काल आमच्या खेळाला निम्मी जागा रिकामी होती. गितलला कारखान्यातून काढलं.

रविवार, २२ फेब्रुवारी
नोखेमची शेवटची सभा. बाराव्या रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नाही. मी मागे उभी. बेरेल मंचावर, हाताला पट्टी. नोखेमनं खिशातून कागद काढला आणि लाउडस्पीकरवर वाचलं:

हिंदे आमची याख्ने थोर,
हिला ना नवरा, ना पोर.
भाऊ पडला जबडा फुटून,
ही आली टाळ्या लुटून.

याख्ने — कजाग भवानी. लहानपणी ह्या नावानं मला एकच माणूस चिडवायचा.

पद इतकं चपखल होतं की सगळ्यांच्या आधी मलाच हसू फुटलं. मोठ्यानं. त्या आवाजावर पुढची माणसं वळली.