उन्हाळी कटिंग

मंगळवार, १२ मे

प्रिय ठकूबाई,

अनेक आशीर्वाद. नवी नोकरी अंगवळणी पडतेय आणि घरमालकीण बोलकी आहे, हे वाचून बरं वाटलं. वेळेवर जेवत जा.

इकडे ऊन नुसतं भाजून काढतंय. दुपारी दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. चुकून कुणी आलंच तर खुर्चीत बसायच्या आधीच म्हणतं, "बारीक करा." मी आता दुपारी घरीच असतो. बागेला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलंय. मोगरा तग धरून आहे, कुंड्या भिंतीच्या सावलीत सरकवल्यात.

हिरवळीचं मात्र काय झालं ते सांगतो, हसू नकोस. आई हॉस्पिटलातून यायच्या आदल्या दिवशी म्हटलं, तिला सगळं कसं टापटीप दिसायला हवं. गवत बऱ्यापैकी वाढलं होतं. जन्मभर लोकांची डोकी हाताळलेला माणूस मी. उन्हाळ्यात गिऱ्हाइकाला बारीक केलं की बरं वाटतं, तसं गवतालाही वाटेल म्हणून यंत्राचं पातं पार खाली केलं आणि सगळं भादरून काढलं. मानेपाशी कोरतो तशा कडासुद्धा कोरल्या. स्वतःवरच खूश झालो. आठवड्याच्या आत सगळं करपलं. आता पायाखाली चुरचुरतं.

आईची खाट खिडकीशी लावलीय. तिला दिसू नये म्हणून मी पडदा ओढून ठेवला, झळ लागते असं सांगून. ती रोज विचारायची, हिरवळ कशी आहे? मी म्हणायचो, झकास. आणि बाहेर जाऊन पाईप धरून उभा राहायचो. निदान पाण्याचा आवाज तरी तिच्या कानावर पडू दे.

काल तिला पाणी पाजत होतो. हल्ली चमच्याने पाजावं लागतं, हे तुला लिहिलं नव्हतं. मध्येच म्हणाली, "अहो, मी आले त्या दिवशी कापल्या गवताचा वास येत होता. आता तुम्ही एवढं पाणी घालता, तर नुसता मातीचा येतो. किती बारीक केलंत?"

मी बोटांनी दाखवलं. तिला हसू आलं, मग खोकल्याची उबळ. थांबल्यावर म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंत तर वर पाचोळा पसरा म्हटलं असतं. थोडंफार वाचलं असतं."

रागावली असती तरी चाललं असतं. पण तिने माझ्या हातावर हात ठेवला, आणि मला तुझी आठवण आली. कारण तुझ्याशीही मी तेच करतोय.

मागच्या पत्रात लिहिलं होतं, आईला उतार पडतोय. नाही पडत, बाळा. ती बरी झाली म्हणून घरी आली नाही. डॉक्टरांच्या हातात काही उरलं नाही, म्हणून त्यांनी घरी न्यायला सांगितलं. पोरीची नवी नोकरी आहे, तिला कळवू नका, अशी शपथ घातली होती तिने मला. मी ती मोडतोय. मला खूप भीती वाटते गं.

फोनवर हे माझ्याच्याने बोलवणार नाही. शेजारचे ड्रायव्हर आज गाडी घेऊन तुझ्याच शहराकडे निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतोय.

आज पडदा उघडलाय. वाळक्या गवताकडे बघत ती पडून आहे. मुळं जिवंत असतील, ऊन उतरलं की फुटेल, असं मलाच समजावत होती. मघाशी तिने विचारलं, ठकूला काय लिहिताय? म्हटलं, हिरवळीचं.

तिने खिडकीबाहेरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "या वेळी खरं लिहा."

लिहिलंय. हातातलं काम टाकून ये.

आईच्या उशाशी बसून तुझी वाट बघणारे,
बाबा